रिबूटनंतर काय उरावं?

मामा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. ओरॅकल आणि लिनक्स यांतच त्यांची नोकरी गेली. भाची हिंजवडीला असते. तिची टीम क्लाउडवरची शेकडो मशीन्स सांभाळते आणि त्यांतलं एकही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बँकेचा जुना सर्व्हर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 6 वरून 9 वर न्यायचा आहे, त्यासाठी मामांना सल्लागार म्हणून परत बोलावलंय. जुन्या मशीनच्या ईटीसी डिरेक्टरीत सिससीटीएल डॉट कॉन्फ नावाची फाईल आहे. कर्नलच्या मेमरीविषयीच्या सेटिंग्ज त्यात लिहिलेल्या असतात. ती नव्या मशीनवर जशीच्या तशी ठेवायची, असं मामांनी ठरवलं होतं. भाचीने ती वाचायला मागितली आणि चहा गार झाला. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. मात्र मामांचे दोन मुद्दे मला खोडता आले नाहीत.

मामा : यात वाचण्यासारखं काय आहे? वर्षानुवर्षं चाललेली फाईल आहे.

भाची : अरे मामा, मशीन चाललं. फाईल चालली का, ते फक्त रिबूट झालं की कळतं. शेवटचं रिबूट कधी केलं होतंस?

मामा : आमच्या काळी अपटाइम ही मिरवायची गोष्ट होती. पण एकदा करावंच लागलं. 2018 च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर बाहेर आले. पॅच म्हणजे नवीन कर्नल, आणि नवीन कर्नल म्हणजे रिबूट. रात्री केलं, डेटाबेस उठला, मी घरी गेलो. सकाळी काउंटरवर गर्दी झाली आणि मशीन स्वॅप करायला लागलं. 48 जीबीचं मशीन, ओरॅकलचा एसजीए, म्हणजे सगळ्या सेशन्सची सामायिक मेमरी, 20 जीबी. बाकीची मेमरी गेली कुठे?

भाची : ह्यूज पेजेस.

मामा : बरोबर. 2 एमबीची 10,240 पेजेस कुणीतरी मागे सिससीटीएल डॅश डब्ल्यू करून राखून ठेवली होती, आणि फाईलमध्ये ओळ घातलीच नव्हती. रिबूट झाल्यावर राखीव पेजेस शून्य. मग तोच एसजीए 4 केबीच्या पेजेसमध्ये जाऊन बसला. एकेका पेजमागे पेज टेबलात 8 बाइटची नोंद लागते. 20 जीबीच्या नोंदी झाल्या 40 एमबी, आणि हे टेबल प्रत्येक प्रोसेसचं वेगळं. चारशे सेशन्स आली आणि प्रत्येकाने हळूहळू सगळा एसजीए चाळला, की 16 जीबी नुसत्या पेज टेबलांत गेले. रात्री चारच सेशन्स होती, म्हणून मला काही दिसलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे. हाताने काही बदललं की आधी फाईलमध्ये लिहायचं, मग जेवायला उठायचं.

भाची : नियम चांगलाय, पण अर्धाच आहे. तू म्हणतोस, फाईलमध्ये लिहिलं की टिकतं. टिकत काहीच नाही. प्रॉक ही डिरेक्टरी मुळात डिस्कवर नसते. कर्नल आपल्या मेमरीतले आकडे तिथे फाईलींसारखे मांडून दाखवतं, त्यामुळे तिथे लिहिलेलं त्या कर्नलबरोबरच जातं. पुढच्या बूटला कर्नल आपले मूळ आकडे घेऊन उठतं आणि मग सिस्टमडी ठरलेल्या फाईली वाचून आपले आकडे पुन्हा भरतं. म्हणून लिहिलं की नाही एवढंच बघून भागत नाही. ते कोण वाचतं, कधी वाचतं आणि त्याच्यामागून आणखी कोण लिहून जातं, तेही बघावं लागतं.

मामा : सिससीटीएल डॅश पी मारून बघतो की मी. आकडे बरोबर येतात.

भाची : डॅश पी ती एकच फाईल वाचतं. बूटच्या वेळी सिस्टमडी ईटीसी, रन आणि यूएसआर लिब या तिन्ही ठिकाणची सिससीटीएल डॉट डी ही डिरेक्टरी उघडतं. कुठली फाईल कुठल्या डिरेक्टरीतली ते न बघता सगळ्या नावांच्या क्रमाने लावतं, आणि एकच सेटिंग दोनदा आली तर मागची जिंकते. तुझी जुनी फाईल तिथे 99 या आकड्याने सुरू होणाऱ्या नावाची लिंक म्हणून येते. आता कुणी 'ओरॅकल डॉट कॉन्फ' अशी बिनआकडी फाईल तिथे टाकली, तर आकड्यांनंतर अक्षरं, म्हणजे ती तुझ्या 99 च्याही मागे लागणार. तू डॅश पी मारलंस की तुझे आकडे दिसतील, आणि रिबूट झालं की तिचे.

मामा : अशी फाईल टाकणाऱ्याचा कान धरायचा.

भाची : कान तुझाच हातात येईल. बदल करण्याआधी जुन्या फाईलची प्रत तिथेच ठेवायची सवय आहे ना तुला? त्या प्रतीच्या नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ असेल, तर बूटला तीही वाचली जाते. म्हणून डॅश पी सोडून डॅश डॅश सिस्टम वापर, ते सगळ्या जागा फिरतं. आणि सिस्टमडी-अॅनलाइझच्या कॅट-कॉन्फिगला सिससीटीएल डॉट डी असं सांगितलंस, की कुठल्या फाईलमधून काय आलं ते एकाखाली एक छापून मिळतं.

मामा : पण मूळ जागा तीच ना? ईटीसीतली सिससीटीएल डॉट कॉन्फ. लिनक्स शिकलो तेव्हापासून तीच आहे.

भाची : रेड हॅटवर आहे. डेबियन 13 आलं 2025 च्या ऑगस्टमध्ये, त्यात सिस्टमडी ती फाईल वाचतच नाही. फाईल जागेवर, ओळ शाबूत, डॅश पी मारलं तर आकडाही बदलतो, आणि रिबूटनंतर पुन्हा मूळ आकडा. गंमत म्हणजे ओव्हरकमिट मेमरी 1 नसली की रेडिस सुरू होताना लॉगमध्ये इशारा देतं, आणि उपाय म्हणून नेमकी तीच फाईल दाखवतं.

(रेडिसला दोष देण्यात अर्थ नाही. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले अजून त्याच फाईलचं नाव घेतात. पण एखादी वस्तू तिच्या जुन्या जागी ठेवून निश्चिंत होणं किती सोपं असतं, हे या एका बदलात पुरेपूर दिसतं. चूक दाखवणारा संदेश कुठे उमटत नाही. फाईल नुसती कुणी उघडत नाही.)

मामा : ठीक आहे, जागा बदलू. ओळी तर त्याच राहतील?

भाची : एकेक बघू. पहिली, कर्नल डॉट एसएचएममॅक्स, म्हणजे सामायिक मेमरीच्या एका तुकड्याची कमाल मर्यादा, 68719476736. हा आकडा कुणी काढला?

मामा : कुणी काढला नाही. रेड हॅट 6 च्या फाईलमध्ये तो आधीपासूनच असायचा. 64 जीबी. लिनक्सचा मूळ आकडा तेव्हा 32 एमबी होता. तेवढ्यात ओरॅकल उभंसुद्धा राहिलं नसतं.

भाची : तेव्हा. 2014 मध्ये 3.16 कर्नल आलं आणि मूळ आकडाच इतका वाढवला, की मर्यादा जवळजवळ उरलीच नाही. रेड हॅट 9 चं कर्नल 5.14 आहे. ही ओळ नसेल तर तिथे एसएचएममॅक्स 18446744073692774399 दिसतो. ही ओळ ठेवलीस तर तो 64 जीबीवर येईल. नवीन मशीन 256 जीबीचं आहे आणि तुला एसजीए 96 जीबीचा हवाय. मर्यादा उठवायला म्हणून लिहिलेली ओळ आता मर्यादा घालते आहे.

मामा : ओरॅकल तुकडे करून घेईल. बंद पडणार नाही.

भाची : नाही पडणार, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येणार नाही. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव फेरफार होईपर्यंत तसंच राहतं ना, तशी ही ओळ आहे. एसएचएमऑलसुद्धा त्याच घरातलं. पोस्टग्रेसला तर 2013 च्या 9.3 पासून एवढ्या मोठ्या सिस्टम फाइव्ह मेमरीची गरजच उरली नाही, तरी लोक अजून त्याच्यासाठी एसएचएममॅक्स लिहितात.

मामा : बरं, ती दोन्ही काढ. पुढची ओळ स्वॅपीनेस 0. त्याला हात लावू नकोस, डेटाबेस स्वॅपमध्ये गेलेला मला चालत नाही.

भाची : स्वॅपीनेस 0 म्हणजे काय, तेच मध्ये बदललं. 2012 च्या 3.5 कर्नलच्या आधी 0 म्हणजे शक्यतो स्वॅप करू नको, अगदीच अडलं तर कर. 3.5 पासून 0 म्हणजे मोकळी मेमरी आणि फाईल कॅश अगदी तळाला लागेपर्यंत स्वॅपला शिवायचंच नाही. पुढे तो बदल रेड हॅटने 6 च्या जुन्या कर्नलमध्येही आणला. तुझ्या फाईलमधला आकडा तोच, नेहमीसारखं अपडेट आलं आणि अर्थ दुसरा झाला. त्या सुमारास बऱ्याच लोकांचे डेटाबेस, मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरने मारले, तेही स्वॅप रिकामी असताना.

मामा : मग 1 लिही.

भाची : 1 किंवा 10. पण तेवढ्यावर संपत नाही. ट्यून्ड नावाची सेवा असते, तिच्या थ्रूपुट-परफॉर्मन्स प्रोफाइलमध्ये स्वॅपीनेस 10 लिहिलेलं आहे. ती सेवा बूटमध्ये मागून उठते. तिचा आकडा राहणार की तुझा, हे ट्यून्डच्या कॉन्फिगमधली एक ओळ ठरवते. मी म्हणते ना, मागून कोण लिहितं ते बघ.

मामा : हे सगळं ऐकून मला एकच दिसतं, की तुझा लिहिण्यावरच विश्वास नाही.

भाची : बेधडक लिहून टाकण्यावर नाही. रिबूटला सगळं विसरणं हा कर्नलचा चांगला गुण आहे, असं मी मानते. चुकीचा आकडा डॅश डब्ल्यूने घातला तर रिबूटने तो जातो. तोच फाईलमध्ये गेला तर प्रत्येक रिबूटला तो परत येतो. ओव्हरकमिट मेमरी 2 कर, रेशो मूळचा 50 राहू दे आणि स्वॅप नसू दे. साधारण निम्म्या रॅमइतकंच वचन कर्नल देईल, मग फोर्क फेल व्हायला लागतील. हे फाईलमध्ये असेल तर मशीन उठेल, पण लॉगिन होईल याची खात्री नाही. नाहीतर हीच फाईल कुणीतरी 16 जीबीच्या व्हीएमवर कॉपी केली असं समज. 10,240 ह्यूज पेजेस म्हणजे 20 जीबी. कर्नल मिळतील तेवढी पेजेस ओढून घेणार आणि बाकी सगळं उपाशी. असं मशीन किती वेळा रिबूट केलं तरी उठणार नाही.

मामा : मग काय करायचं?

भाची : आधी डॅश डब्ल्यू. आठवडाभर चालू दे, महिनाअखेर निघू दे, मग लिही.

मामा : आणि त्या आठवड्यात वीज गेली तर? यूपीएसने दगा दिला, मशीन परत उठलं, तर ते तुझ्या प्रयोगाआधीच्या आकड्यांवर उठेल, आणि तू हिंजवडीत झोपलेली असशील. मी 2018 ला जे भोगलं ते हेच. कुणीतरी असाच प्रयोग केला होता, तो चांगला चालला आणि 'मग लिहू' मधलं 'मग' कधी आलंच नाही. चालणाऱ्या गोष्टीकडे पुन्हा वळून कोण बघतं, सांग?

(हा मुद्दा मला खोडता आला नाही. भाचीही थोडी थांबली. प्रयोग करणाऱ्याला वाटतं की आपण अजून ठरवलेलं नाही. मशीन मात्र त्या आकड्यावर रोजचा व्यवहार करत असतं. अर्धवट ठरवलेल्या अवस्थेला कर्नलमध्ये जागा नाही.)

भाची : बरं. तारीख लिहून वेगळ्या फाईलमध्ये टाकते, वर कॉमेंट देते, आणि तिकीट उघडून ठेवते. पण तुझ्या त्या एका मोठ्या फाईलमध्ये नाही. एका कारणाची एक फाईल, म्हणजे कारण संपलं की फाईल उडवता येते. आमच्याकडे हे सगळं गिटमध्ये असतं आणि अॅन्सिबल ते मशीनवर नेऊन टाकतं.

मामा : आणि गिटमधून ओळ काढली तर मशीनवरून जाते?

भाची : ... नाही. अॅन्सिबलमधलं काम खोडलं म्हणून त्याने आधी लिहिलेली ओळ पुसली जात नाही. ती काढा असं वेगळं सांगावं लागतं.

मामा : आणि फाईलमधून काढली तर चालू कर्नलमधून जाते?

भाची : तीही नाही. पुढच्या रिबूटपर्यंत जुना आकडाच राहतो.

मामा : म्हणजे वारलेले आजोबा तुमच्या गिटच्या बाहेरही नांदतात. बघ.

भाची : म्हणून आम्ही मशीनच टाकून देतो. नव्या इमेजवरून नवीन उभं करतो. जुन्या मशीनवर काय राहिलं होतं, याची चौकशीच करावी लागत नाही.

मामा : बँकेत ते करता येत नाही. इथे मशीन एकच, आणि त्याच्यावर लोकांचे पैसे.

भाची : एक मशीन हीच तर खरी अडचण आहे. मेमरीच्या या सेटिंग्ज अख्ख्या कर्नलच्या असतात, एखाद्या प्रोग्रॅमच्या नाहीत. रेडिस म्हणतं ओव्हरकमिट 1 कर, कारण बॅकग्राउंडला सेव्ह करताना ते फोर्क करतं. पोस्टग्रेसचं मॅन्युअल 2 सुचवतं, कारण ओओएम किलरने त्याचा प्रोसेस मारू नये. दोघं एका मशीनवर असतील तर फाईलमध्ये काय लिहिशील? कंटेनरमध्ये टाकूनही सुटका नाही, व्हीएमने सुरू होणाऱ्या या सेटिंग्ज कंटेनरगणिक वेगळ्या होत नाहीत. कुबरनेटीसवर इलॅस्टिकसर्चसाठी मॅक्स मॅप काउंट 262144 करायला एक इनिट कंटेनर जास्तीचे अधिकार घेऊन येतो, तो आपल्या पॉडपुरतं नाही तर सगळ्या नोडचं बदलून जातो. पण इलॅस्टिकसर्चचं मला एक आवडतं. प्रॉडक्शनमध्ये हा आकडा कमी असेल तर ते सुरूच व्हायला नकार देतं. तुझ्या ह्यूज पेजेसनी असा आरडाओरडा केला असता, तर तू त्या रात्रीच पकडलं असतंस.

मामा : ह्यूज पेजेस मुक्या असतात, खरं आहे. चालू मशीनवर 10,240 मागितल्या आणि मेमरीचे तुकडे झालेले असले, तर कर्नल सात हजार देतं आणि तक्रारही करत नाही. मेमइन्फो उघडून ह्यूजपेजेस टोटल बघितलं तरच कळतं. बूटच्या वेळी मेमरी अखंड असते, तेव्हा सगळ्या मिळतात. म्हणून ती ओळ तरी फाईलमध्ये पहिल्या दिवसापासूनच हवी, तुझा आठवडा तिथे चालायचा नाही. खरं तर मी ती ग्रबमधून कर्नलच्या कमांड लाइनवरच देईन, सिस्टमडीच्याही आधी.

भाची : मान्य. पण 10,240 नाही. 96 जीबीला 49,152 लागतील, वर थोडी जास्त. आणि फाईलमध्ये हे लिहून ठेव, की ही पेजेस या डेटाबेससाठी आहेत. उद्या ओरॅकल दुसऱ्या मशीनवर गेलं आणि ओळ राहिली, तर 96 जीबी कुणाच्याच उपयोगाची नाही. ती स्वॅप होत नाही, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. राखलेली म्हणजे राखलेली. आता आरसी डॉट लोकल दाखव. टीएचपी बंद करायची ओळ तिथे असणार.

मामा : आहे. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस ही सिससीटीएलची सेटिंग नव्हे, सिस डिरेक्टरीतली आहे. सिससीटीएल डॉट कॉन्फमध्ये लिहिताच येत नाही, म्हणून आरसी डॉट लोकल.

भाची : ही ओळ दोन कारणांनी चालणार नाही. रेड हॅट 7 पासून आरसी डॉट लोकलला एक्झिक्यूटची परवानगी मुळात दिलेली नसते, म्हणजे ती फाईल चालतच नाही. आणि परवानगी दिलीस तरी ओळीतला पाथ रेडहॅट-ट्रान्सपरंट-ह्यूजपेज असा आहे. ते नाव 6 पुरतंच होतं, आता त्यातून रेडहॅट गेलं. ग्रबमध्ये ट्रान्सपरंट ह्यूजपेज नेव्हर लिहून टाक. मात्र कारण लिही. मोंगोडीबी वर्षानुवर्षं टीएचपी बंद करा म्हणायचं, 8.0 आलं आणि आता चालू ठेवा म्हणतं.

मामा : ओरॅकल अजून बंदच ठेवायला सांगतं.

भाची : म्हणूनच कारण लिही. ओरॅकल गेलं तर ही ओळही जावी.

(इथून पुढे फाईलींच्या नावांवरून बरीच रस्सीखेच झाली, ती गाळतो. मात्र मामांनी एक गोष्ट काढली, जी भाचीच्या यादीत नव्हती. ह्यूज पेजेस वापरायला ओरॅकलला मेमलॉकची मर्यादा वाढवून लागते, आणि ती लोक लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये लिहितात. ती फाईल लॉगिन करणाऱ्या माणसाला लागू होते. सिस्टमडीने बूटला उठवलेल्या सेवेला नाही. हाताने सुरू केलेला डेटाबेस ह्यूज पेजेस घेतो, आणि रिबूटनंतर आपोआप उठलेला तोच डेटाबेस घेत नाही. सेवेच्या युनिट फाईलमध्ये लिमिट-मेमलॉक वेगळं द्यावं लागतं. सिससीटीएलच्या सगळ्या फाईली अचूक असूनही 2018 ची सकाळ पुन्हा येऊ शकते ती अशी.)

मामा : म्हणजे शेवटी नवीन फाईलमध्ये दोन ओळी उरल्या आणि ग्रबमध्ये दोन. चालेल. आता मशीन लाइव्ह करतो.

भाची : रिबूट केल्याशिवाय? तुझी यादी बरोबर आहे असं आपण दोघं म्हणतोय, मशीनने अजून म्हटलेलं नाही.

मामा : चालू झालेलं मशीन नुसतं तपासायला म्हणून पाडायचं, हे माझ्या हाताला जमत नाही गं. दुसरा शनिवार येऊ दे, बँक बंद असते. त्या दिवशी एकदा करू.

भाची : दोनदा.

मामा : दोनदा कशाला?

भाची : पहिल्या रिबूटनंतर काहीतरी अडेल आणि तू ते हाताने दुरुस्त करशील. ते लिहिलंस की नाही, हे दुसऱ्याला कळेल.